घरातले आकार

ठकीचा व्हिडिओ बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तासाचा शेवट गोड व्हावा म्हणून. आपापल्या घरात आकार शोधा आणि टॅबवर त्यांचं चित्रण करून आणा, असा गृहपाठ होता. टॅबनं तो आपला आपणच तपासून ठकीला पैकीच्या पैकी गुण दिले होते, वर एक सोनेरी तारा. बाईंनी तारा पाहिला होता. व्हिडिओ पाहायला सवड झाली नव्हती. तपासायचं काम यंत्रानं अंगावर घेतल्यापासून त्या जरा निर्धास्त झाल्या होत्या. आज तर मुख्याध्यापक स्वतः मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते. नवे टॅब वर्गात कसे चालतात ते त्यांना बघायचं होतं.

पडद्यावर एक दार आलं. "हा आयत," असा ठकीचा आवाज आला. मग एक ताट. "हे वर्तुळ." मग खुंटीवरचा रिकामा हँगर. "हा त्रिकोण." चित्र स्थिर, बोलणं खणखणीत. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

तेवढ्यात व्हिडिओतच, घराच्या आतल्या खोलीतून एका पुरुषाचा आवाज ऐकू यायला लागला. तो ओरडत नव्हता, एकेक शब्द चावून बोलत होता. एक बायकी आवाज दबकत म्हणाला, हळू, पोर बाहेर आहे. मग काहीतरी भिंतीवर आदळलं. चित्र जरासं हललं आणि पुन्हा स्थिर झालं.

"हा चौरस," ठकी आणखी मोठ्यानं सांगत होती. "चौरसाच्या चारही बाजू सारख्या असतात."

वर्गात खसखस पिकली. हिच्या घरी टीव्ही चालू आहे, असं कुणीतरी म्हणालं.

"हो, टीव्हीच आहे," ठकी बाकावरून म्हणाली.

पण पडद्यातला आवाज आता जवळ आला होता. "आणि ठके, तू काय करते आहेस गं तिथं?"

हसणं जागच्या जागी विरलं. बाईंची बोटं टेबलावर रिमोट चाचपडत राहिली. हाताशी असलेली वस्तू त्यांना दिसेना. पडद्यावर नुसती भिंत होती आणि कुणाचा तरी भरभर श्वास. ठकी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते, पण ती रडत नव्हती.

"आवाज बंद करून दाखवा ना, बाई," ती म्हणाली. "उत्तरं सगळी बरोबर आहेत."

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. तो आवाज दोघांनीही ओळखला होता, त्यामुळे नाव कुणी घेतलं नाही. ठकीचे वडील पालक समितीचे प्रमुख होते. हे टॅब शाळेला मिळावेत म्हणून त्यांनी किती दारं ठोठावली ते सगळ्यांना ठाऊक होतं. गोड बोलणारा, अडल्यानडल्याला धावून जाणारा माणूस. मुख्याध्यापक उठून खिडकी लावून आले. कुणाच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही, असं म्हणाले. मुलं चार दिवसांत विसरतील, आपण कशाला आगीत तेल ओतायचं, असंही म्हणाले. शेवटी त्यांनी विषयच संपवला.

"व्हिडिओ पुसून टाका. आपण शाळा चालवतो बाई, लोकांचे संसार नाही."

बाई हो म्हणाल्या. वर्गाकडे जाताना त्यांना स्वतःचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. कुणीतरी काय करायचं ते सांगितलं होतं, एवढं पुरे होतं.

ठकी वर्गात एकटीच होती. डबा उघडून बसली होती, खात नव्हती. बाईंनी तिचा टॅब मागितला. हा व्हिडिओ आपण काढून टाकू, त्या म्हणाल्या, म्हणजे कुणी चिडवणार नाही. ठकीनं मुकाट्यानं टॅब पुढे केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बाईंनी विचारलं, "घरात शांत असेल तेव्हा पुन्हा एकदा काढून आणशील?"

ठकीनं त्यांच्याकडे पाहिलं. शिकवलेलं बाईंनाच कसं कळत नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

"चांगला येईपर्यंत काढत राहा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी किती वेळा काढला, बाई. हाच त्यातला सगळ्यात शांत आहे."

बाईंनी टॅबकडे पाहिलं. पडद्यावर व्हिडिओंची रांग होती, एकाखाली एक तेच दार. कधी दिवसाउजेडी, कधी दिव्याच्या प्रकाशात, कधी अर्धंच. त्यांचं बोट पुसायच्या खुणेवर टेकलं होतं. ते त्यांनी उचलून घेतलं.

त्या ठकीशेजारी लहानग्यांच्या बाकावर कशाबशा बसल्या. आधी खा, म्हणाल्या. ती दोन घास खाईपर्यंत बसून राहिल्या. मग तिचा हात धरून शिक्षकांच्या खोलीत आल्या. भिंतीवर मुलांच्या मदतकेंद्राचा नंबर लावलेला होता. रोज त्याच्यासमोर बसून त्या चहा प्यायच्या. आज पहिल्यांदाच त्यांनी तो फिरवला. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही, आवाजही खाली आणला नाही. मुलीचं नाव सांगितलं, घर सांगितलं, तिथं काय चालतं ते सांगितलं, वडिलांचं नावही सांगितलं.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, पलीकडून विचारणा झाली.

"कुणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या वर्गानं ऐकलंय."