न रडलेली आत्या

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही गोष्ट लिहिताय आणि तुमची पाटीच ती सुधारून देतेय. गिरिजाच्या वर्गात तशाच पाट्या होत्या. तिने आत्याच्या लग्नाची गोष्ट लिहिली होती. रविवारी आत्या माहेरी येणार होती, तेव्हा तिला ती वाचून दाखवायची होती.

देवस्थळीबाई पाटीवरून वाचू लागल्या, "निरोप घेताना आत्या ढसाढसा रडली. वा, छान!"

"बाई, आत्या रडलीच नाही!" गिरिजा उसळली. "ती गाडीतून उतरून आंबापोळीचा डबा न्यायला परत आली. मी तसंच लिहिलं होतं. पाटी दरवेळी ते पुसते आणि तिला रडवते."

"अगं, निरोपाला रडणंच शोभतं. वाचकाला काय आवडतं, ते पाटीला कळतं."

"लग्न आत्याचं होतं, पाटीचं नव्हतं! हिच्यात सगळ्यांच्याच आत्या रडतात. मग माझी आत्या स्वतःला ओळखणार कशी?"

वर्ग खो खो हसला.

गिरिजाने पाटी बाकावर पालथी ठेवली. वर्गापुढे येऊन तिने शालूच्या निऱ्या धराव्यात तसा फ्रॉक दोन्ही हातांनी उचलला आणि आत्यासारखी तरातरा चालत गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली.