हिरवागार

पोपट काळाठिक्कर पडला होता. पोपट म्हणजे सरडा. हिरवा म्हणून बाबांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं. भर दुपारी तो पिंजऱ्याच्या तळाशी डोळे मिटून बसला होता आणि त्याच्यासाठी सोडलेले रातकिडे खुशाल त्याच्या पाठीवरून फिरत होते. मुलगी खांद्यावरची बॅगही न उतरवता बघत राहिली.

स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले, "बघितलंस? कसा हिरवागार ठेवलाय तुझ्या लेकराला."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टेत बाबांचा हात कोण धरणार? शाळेची बस चालवून चालवून, पोरांच्या गलक्यात राहून त्यांची जीभही पोरांसारखीच झाली होती. सरडा घरात आला तेव्हा म्हणाले होते, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, याची तर जाळीपर्यंतच. मग त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरताना बघून भलतेच खूश झाले. ड्रायव्हरला असे डोळे पाहिजेत, म्हणाले, एक रस्त्यावर आणि एक आरशात.

कामाच्या ट्रेनिंगसाठी ती परगावी गेली तेव्हा पोपट अजून बोटाएवढा होता. आई गेल्यापासून घरात दोघंच, तेव्हा त्याला बाबांवर सोपवण्यावाचून इलाज नव्हता. ती रोज फोन करायची. रंग कसा आहे? हिरवागार. खातो का? खातो की. किड्यांना पावडर लावून देता ना? न चुकता. एवढं ऐकलं की तिला शांत झोप लागायची.

तिनं पिंजरा उचलला आणि तडक दवाखाना गाठला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पोपटाला तळहातावर घेऊन त्याचा जबडा बोटानं हलकेच दाबला. तो रबरासारखा वाकला. वाढत्या वयात कॅल्शियम मिळालेलं नाही, त्या म्हणाल्या, हाडं मऊ पडलीत. जीभ फेकायचीही ताकद राहिली नाही, म्हणून समोर किडे असून हा उपाशी. पावडर कुठली देत होतात?

मुलीनं पिशवीतून डबा काढला. निघताना बाबांनीच तो तिच्या हातात दिला होता. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला आणि तिच्याकडे फिरवला. त्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, खाण्याचा सोडा.

"हे एका दिवसात होत नाही," त्या म्हणाल्या. "हे प्राणी आजार लपवतात. जंगलात आजारी दिसला की मेलाच, म्हणून अंगात त्राण आहे तोवर धडधाकट असल्यासारखे वागतात. पण रंग लपत नाही. हा कितीतरी दिवस काळा पडलेला असणार. घरात कुणी बघत नव्हतं का याच्याकडे?"

पोपटाला त्यांनी ठेवून घेतलं. फार आशा धरू नका, म्हणाल्या.

रिकामा पिंजरा घेऊन ती घरी निघाली. रागानं तिचे कान तापले होते. माणूस खोटं बोलतो, एकवेळ समजून घेता येतं. पण रोज? तेही इतक्या गोड आवाजात? एक मुका जीव सांभाळायला दिला होता, तर तेवढंही यांच्यानं झालं नाही. तिनं पिंजरा टेबलाशेजारी आदळला. शाळा सुटायची वेळ होत आली होती आणि बाबा युनिफॉर्म चढवून निघायच्या तयारीत होते. कसा आहे पोपट, त्यांनी विचारलं.

"डोळे फुटले होते का तुमचे?" ती म्हणाली.

उभ्या जन्मात ती बाबांशी असं बोलली नव्हती. ते चिडतील, निदान एखादी कोटी तरी करतील, म्हणून ती थांबली. ते मान खाली घालून टेबलावर बसची किल्ली शोधायला लागले. किल्ली समोरच होती, खिडकीतून आलेल्या उन्हात, लाल गोंड्यासकट. बाबांचा तळवा किल्लीच्या एका बाजूनं गेला. मग दुसऱ्या बाजूनं आला. टेबल पुसत असल्यासारखा तो फिरत राहिला.

तेव्हा कुठे तिचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. बटणं एकेक घर चुकवून लागली होती. तिला त्या डब्यावरची अक्षरं आठवली. ते खरंच रोज, न चुकता, एकेका किड्याला सोडा लावत होते. पोपट हिरवा असतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून रोज तसंच सांगत होते.

तिनं किल्ली उचलली. आवाज झाला तसा बाबांचा हात जागीच थांबला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

पुसट पुसट दिसतं अजून, ते म्हणाले. अगदीच काही अंधार नाही. इतकी वर्षं तोच रस्ता, खड्ड्यासकट पाठ झालाय. आणि बस सोडून घरात बसलो तर करू काय मी? असं म्हणून ते हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. दे ती किल्ली, पोरं फाटकाशी येऊन उभी राहतील.

किल्ली तिच्या मुठीत रुतत होती.

"आणि सिग्नल, बाबा?"

बाबांनी हात पुढे केला, ती उभी होती त्याच्या जरा डावीकडे.

"हिरवा झाला की मागचे हॉर्न वाजवतात ना."