अंगठा

आईचे बुडबुडे दर दोन सेकंदांनी वर येत होते, तिच्यासोबत उतरलेल्या प्रशिक्षकाचे सहा सेकंदांनी. तारकर्लीच्या समुद्रात होडीची कड धरून मी मोजत होते. रहिमतपूरची माझी आई गुडघ्याच्या वरच्या पाण्यात कधी उतरली नव्हती. आज मात्र स्कूबाचा हट्ट तिचाच होता. नौदलात माझी निवड झाल्याचं पत्र येऊन महिना झाला होता. जाऊ का, यावर ती हो म्हणाली नव्हती, नाहीही. हजर व्हायला चार दिवस उरले होते.

अचानक तिचे बुडबुडे थांबले. मीही श्वास रोखला. मग दोघं वर आली.

"काकी, अंगठा दाखवला म्हणजे वर न्या," प्रशिक्षक हसून म्हणाला. "बरं वाटत असेल तर बोटांचा गोल करायचा."

आईनं मान हलवली. पुन्हा खाली गेली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्यांदाही तेच.

"गावाकडं अंगठा म्हणजे झकास असतंय ओ," होडीतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

होडीत आली तेव्हा आईचे दात वाजत होते. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"आई, गोल करायचा होता गं. किती वेळा सांगितलं त्यांनी."

"पहिल्यांदाच कळलं हुतं मला. खाली लय भ्या वाटतं, पूजा. पण अंगठा दावला की वर आणत्यात का, ते बघत हुते. तिन्ही येळेला आणलं."

तिनं माझा दंड सोडला.

"जा तू नेव्हीत."