रक्त थांबवणारा

घंटा वाजली तेव्हा भाच्याची डावी भुवई फाटून डोळ्यावर लोंबत होती. तो आपल्या कोपऱ्यात न येता समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पंचानं खांदा धरून त्याला वळवलं. लोकांना ती मस्करी वाटली, सगळा हॉल खदखदून हसला.

मामा हसला नाही. स्टूल टाकून, कापसाचे बोळे दातांत धरून तो तयार होता. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये जखमा बंद करणं हाच त्याचा धंदा. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळतं. तेवढ्यात रक्त थांबलं नाही, तर डॉक्टर सामना थांबवतात. मामाच्या हाताखाली बावीस वर्षांत रक्तापायी एकही सामना थांबला नव्हता. आणि आज तर स्टुलावर सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. बहीण चौथ्या रांगेत दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती.

त्यानं औषधाचा बोळा जखमेत खुपसला आणि अंगठ्यानं दाबून धरला. आत हाड लागलं. भलेभले इथं आईमाईवरून शिव्या देतात. भाच्यानं हूं की चूं केलं नाही. रक्त थांबलं. मामानं वरून व्हॅसलिन थापलं. चाळीस सेकंदांत काम फत्ते.

तेवढ्यात भाचा त्याच्या तोंडाकडे बघून अगदी अदबीनं म्हणाला, "काका, माझा मामा कुठं दिसला का?"

मामा गर्रकन भाच्याला शिकवणाऱ्या वस्तादाकडे वळला.

"वस्ताद, थांबवा! पोरगं मला ओळखत नाहीये!" त्यानं रिंगमध्ये फेकायला टॉवेल ओढला. टॉवेल पडला की हार मान्य. वस्तादानं तो हिसकावून मुठीला गुंडाळला आणि त्याच मुठीनं मामाच्या बरगडीत ठोसा हाणला.

"एक फेरी उरलीय. आपण पुढं आहोत. गप बस."

डॉक्टर दोरावरून आत वाकले. बॅटरीचा झोत भुवईवर टाकला. नाव विचारलं, भाच्यानं बरोबर सांगितलं.

"डॉक्टरसाहेब, याचं डोकं ठिकाणावर नाही," मामा गयावया करत म्हणाला. "दोन शब्द बोलून तर बघा त्याच्याशी."

"मी जखम बघायला आलोय, मामा. जखम तुम्ही झकास बंद केलीत. खेळू द्या."

समोरचा गडी ग्लोव्हवर ग्लोव्ह आपटत नाचत होता. त्याला कुठं मारायचं ते ठाऊक होतं. आणखी तीन मिनिटं, मग बहिणीच्या घरी हा चालत जाणार नव्हता. मामाला हे लख्ख दिसत होतं, आणि दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं.

त्यानं भाच्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं. व्हॅसलिन पुसून काढलं. मग दोन्ही अंगठ्यांची नखं जखमेत रोवली आणि भुवई पार केसांपर्यंत टरकावली. रक्ताची चिळकांडी डॉक्टरांच्या शर्टावर उडाली.

"घ्या," मामा ओरडला, "बघा आता जखम!"

डॉक्टरांनी घाईघाईनं दोन्ही हात हलवले. सामना संपला. वस्तादानं मामाचे पुढचे दात पाडले. वरून बाटल्या आल्या, मग खुर्ची आली. गद्दार, गद्दार, असा एकच गिल्ला झाला. मामा दोराला टेकून मार खात राहिला, पण भाच्यावरची मिठी त्यानं सोडली नाही.

ती सोडवली बहिणीनं. चौथ्या रांगेतून तिला सगळं दिसलं होतं: भावाची नखं आणि लेकाचं रक्त.

"कसाई! माझं लेकरू फाडलंस!" ती त्याच्या थोबाडीत मारत सुटली. मामानं तोंड फिरवलं नाही.

तिचा हात पुन्हा वर गेला, तेवढ्यात सहा फुटी भाचा स्टुलावरून उठून मध्ये आला. दोन्ही ग्लोव्ह त्यानं घाईघाईनं पाठीमागं लपवले.

"आई, तू शाळेत कशाला आलीस?" तो रडवेला होऊन म्हणाला. "मी नाही गं मारलं. त्यानंच आधी मारलं."