दोन चकत्या कमी

"दोन चकत्या काढा," बागवाला म्हणाला आणि त्यानं रायफल टेबलावर आडवी ठेवली. "आता ही वापरणार आहे."

ही म्हणजे त्याची मुलगी. विशीची. दुकानातल्या अंधाराला डोळे सरावायची वाट बघत दारातच थांबलेली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं नाही. खरं तर त्याला रायफलीकडेही पाहायचं नव्हतं, पण त्याचा धंदाच तो होता.

ही रायफल त्याला पाठ होती. बागवाल्याच्या मुलाचे हात वर्षागणिक लांब होत गेले, तसा लाकडी दस्ता त्याला आखूड पडत गेला आणि मिस्त्री दस्त्याच्या टोकाला एकेक चकती वाढवत गेला. पहिली फळीची, दुसरी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाची, तिसरी एका मेलेल्या रेडिओच्या पाठीची. या दुकानात कारखान्यातून सरळ आलेली वस्तू एकच, भिंतीवरचं कॅलेंडर. चकत्यांच्या मागे, बंदुकीची लाथ सोसायला, रबर. ते त्यानं खेळाच्या बुटाच्या तळव्यातून कापलं होतं. "भिंतीला टेकवलं तर भिंत सोडणार नाही," असं स्वतःच कौतुकही केलं होतं.

असं चिकट रबर बसवलं की त्याच्या वरच्या कडेला गुळगुळीत टेप लावायची. म्हणजे बंदूक खांद्याला नेताना कपड्यात अडकत नाही. हे त्याला बापानं शिकवलेलं. पण हे रबर बसवलं त्या दिवशी टेप संपली होती. "सध्या असंच वापरा, टेप आली की लावू," तो म्हणाला होता. टेप चौथ्या दिवशी आली. निरोप धाडायचा राहिला. पंधराव्या दिवशी बागेत रानडुक्कर समोरून आलं. नंतर लोकांनी पोराशेजारची रायफल उचलली, तेव्हा गोळी नळीतच होती.

मुलाच्या मातीला मिस्त्री गेला नाही. ताप आहे, असं कळवलं. संध्याकाळी खरोखरच ताप भरला. तापाला तरी दिल्या शब्दाची चाड होती.

"डुकरं येतातच अजून," बागवाला छताकडे बघत म्हणाला. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. हिचा नेम त्यातल्या त्यात बरा आहे."

"त्यातल्या त्यात?" मुलगी आत आली. "बाबा, परवा तुम्ही पाण्याच्या टाकीला डुक्कर समजून गोळी घातलीत. टाकी अजून रडतेय."

बागवाला हसला नाही. आल्यापासून त्यानं मिस्त्रीच्या नजरेला नजर दिली नव्हती. याला सगळं कळलंय, मिस्त्रीच्या मनात आलं. आता विचारेल.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यानं स्क्रू सोडवले. रबर हातात आलं. वरच्या कोपऱ्यात निळ्या लोकरीचा एक धागा रुतून बसला होता, मुंगीएवढा. त्यानं तो नखानं उपटला. कुठे टाकावा ते सुचेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला. दोन चकत्या काढल्या, रबर पुन्हा आवळलं.

"या जपून ठेवा," त्यानं काढलेल्या चकत्या पुढे केल्या. "लागतील."

"कशाला, काका? मी काय आता वाढणार आहे?"

"राहू देत तुमच्याकडेच," बागवाला घाईनं म्हणाला.

"बरं. ये पोरी, माप बघू. बागेत जे घालशील तेच अंगात पाहिजे हं."

"तेच आहे."

ती खिडकीच्या उजेडात आली. निळा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या, उजव्या खांद्यापाशी करड्या लोकरीनं रफू केलेला. "दादाचा. पहाटे गारठा असतो."

मिस्त्रीनं दस्त्याचं टोक तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवलं. तिचं बोट बरोबर चापावर पोचलं. माप असं जमलं की एरवी तो स्वतःवर खूश झाला असता.

"आता खांद्याला लाव. झटकन."

रायफल वर गेली आणि खांद्याच्या चार बोटं खाली थांबली. रफूपाशी. तिनं ओढली, लोकर ताणली गेली, मग बारीक आवाज करून सुटली.

"अडकतंय," मिस्त्री म्हणाला. "चूक माझीच. तेव्हा टेप..."

"दादा पण हेच म्हणायचा," मुलगी बाहीवरचा धागा झटकत म्हणाली. "रोजच्या रोज. दुकानात जाऊन येऊ या म्हणायचा. बाबा म्हणायचे, उचलायची पद्धत चुकतेय तुझी, सवय कर."

बागवाला कॅलेंडर वाचत होता. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

मिस्त्रीनं खिळ्यावरची टेप काढली. ती आल्या दिवसापासून तिथेच होती, कोरी. टोक नखाला सापडेना. बागवाला पुढे झाला आणि त्यानं दस्ता दोन्ही हातांनी घट्ट धरला. एक फेरा झाला. तेवढा पुरतो.

"अजून एक," बागवाला म्हणाला.

दुसरा झाला. तिसरा, चौथा. रबर दिसेनासं झालं.

"अहो, पुरे की!" मुलीला हसू आलं. "जाड होतंय ते. आता अजून एक चकती काढावी लागेल."

बागवाल्याची पकड सुटली नाही. मिस्त्री टेबलावर, खणात, खुर्चीखाली कात्री शोधत राहिला. ती खिशातच होती, धाग्याशेजारी.