पेढ्यासाठी रक्त

"पेढ्याचं रक्त फारच कमी झालंय. रक्त द्यायला आजच एखादा धडधाकट कुत्रा आणा, नाहीतर औषध थांबवावं लागेल," डॉक्टर पल्लवी म्हणाल्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्र्यांच्या रक्ताच्या कर्करोगावर नवं औषध तपासलं जात होतं आणि निर्मलाताईंचा पेढा त्यातला सातवा रुग्ण होता.

सोसायटीत धडधाकट कुत्रा एकच होता, शेजारच्या खानोलकरांचा सुलतान. त्याच्या भुंकण्यापायी निर्मलाताईंनी दोनदा तक्रार केली होती आणि वर्षभर खानोलकरांशी बोलणं टाकलं होतं. आता निर्मलाताईंनी त्यांचीच बेल दाबली आणि आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं.

खानोलकरांनी ऐकून घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या. "एवढ्या धुडाला रिक्षावाला घेणार नाही. मी गाडी काढतो."

रक्त जुळलं. टेबलावर सुलतान इतका शहाण्यासारखा पडून राहिला की, त्याचं डोकं कुरवाळताना निर्मलाताईंनाच ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळी पेढा स्वतःहून उठला आणि त्याने वाटीभर दहीभात चाटूनपुसून खाल्ला.

"औषध चालू ठेवू या," डॉक्टर म्हणाल्या. "पण रक्त पुन्हा लागू शकतं आणि एकाच कुत्र्याचं दीड महिना तरी घेता येत नाही."

"दीड महिन्याने सुलतानला परत आणू की," निर्मलाताई बोलून गेल्या आणि चपापून खानोलकरांकडे वळल्या.

खानोलकरांनी सुलतानचा पट्टा त्यांच्या हातात दिला. "मग ओळख वाढवायला हवी. गाडीपर्यंत तुम्हीच न्या त्याला."