गेटवरची किल्ली

मागच्या वर्षी चाकण-तळेगाव रिले शर्यतीत आमच्या कंपनीच्या टीमनं बॅटन पाडलं आणि हातातला पहिला नंबर घालवला. यंदा सुपरवायझर म्हणाले, "शेवटचे दोन टप्पे या नवराबायकोला द्या. रोज गेटवर घाईघाईत घराची किल्ली देतात-घेतात, कधी पडलेली बघितली नाही." खरंय. त्याची शिफ्ट सुटते तेव्हा माझी सुरू होते. किल्ली त्याच्या हातावर टेकवून मी आत पळते आणि तो घरी जातो. शर्यतीत मी धापा टाकत आले तेव्हा दुसरी टीम खेटूनच होती. त्यानं मागे न बघता हात पसरला. मी बॅटन टेकवलं आणि सवयीनं ओरडले, "आमटी गरम करून घे रे!" तो खदखदून हसतच पळाला. माझा टप्पा संपला होता, तरी मी त्याच्यामागं पळत राहिले. आज आम्हा दोघांना एकाच बाजूला जायचं होतं.